कवळीची उंची आणि जबड्याचा सांधा

सांगली-मिरजेच्या दवाखान्यांत कानापुढे कळ येते, जांभई देताना 'कट्ट' असा आवाज होतो, भाकरीचा घास चावताना जबडा भरून येतो, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या वयस्क मंडळींपैकी काहींच्या तोंडात एकही दात नसतो किंवा वर्षानुवर्षे वापरलेली जुनी कवळी असते. दुखणे कानाजवळ असल्यामुळे अनेकदा आधी कानच तपासला जातो.

कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून तोंड उघडले-मिटले की बोटाखाली जे हलते, तो खालच्या जबड्याच्या हाडाचा गोलसर माथा होय. तो कवटीच्या खोबणीत बसतो आणि दोन्ही हाडांमध्ये एक लवचिक चकती असते. तोंड उघडताना हा माथा आधी जागच्या जागी फिरतो, मग चकतीसह पुढे सरकतो. दात असताना वरचे-खालचे दात एकमेकांना टेकले की जबडा ठरावीक उंचीवर थांबतो. दात गेले की हा आधार जातो, हनुवटी नाकाकडे सरकते आणि चावण्याच्या स्नायूंची लांबी बदलते.

कवळी तो आधार परत देते, पण कायमचा नाही. दात काढल्यावर जबड्याचे हाड झिजतच राहते, आणि दीर्घकाळात खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट होते. शिवाय ॲक्रिलिकचे दातही घासले जातात. म्हणून पंधरा वर्षांपूर्वी उत्तम बसलेली कवळी आज सैल झालेली आणि ठेंगणी असू शकते, हे रुग्णाच्या घरच्यांनीही लक्षात घ्यायला हवे.

उंची ठरवताना दंतवैद्य नाकाच्या टोकावर आणि हनुवटीवर ठिपका काढतात, ओठ सैल मिटायला लावून अंतर मोजतात. जबडा विसावलेला असताना वरच्या-खालच्या दातांमध्ये साधारण 2 ते 4 मिलिमीटर फट राहिली पाहिजे. कवळी फार उंच झाली तर बोलताना दात आपटतात, स्नायूंना विसावा मिळत नाही आणि हिरड्या दुखतात. तेही तितकेच वाईट.

1934 मध्ये अमेरिकेतील कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनी दात नसल्याने जबडा जास्त मिटणे हेच या दुखण्याचे मूळ मानले होते. त्यांची शरीररचनेची मांडणी पुढे टिकली नाही. स्नायूंचा ताण, दाबून चावण्याची सवय, संधिवात, मानसिक ताण ही कारणेही महत्त्वाची आहेत. त्यामुळे नवी कवळी बसवली की प्रत्येकाचे दुखणे थांबेल, असे आश्वासन मला योग्य वाटत नाही. उंची हरवलेल्या अनेकांना मात्र तिचा खरोखर उपयोग होतो.

दुखणे जास्त असेल तर एकदम नवी कवळी न करता जुनीवरच ॲक्रिलिकचा थर देऊन उंची हळूहळू वाढवली जाते, आणि स्नायू शांत झाल्यावर नवीन माप घेतले जाते. तोवर शेक घ्यावा, भाकरी आमटीत कुस्करून खावी, मोठी जांभई आवरावी. तपासणीला जाताना जुनी कवळी घरी ठेवू नये, कारण झिजलेले दात पाहूनच उंची किती गेली याचा पहिला अंदाज येतो.