अमेरिकेतल्या काउंटी कोर्टाचं जुनं प्रोबेट रेकॉर्ड मागवताय? अर्ज कुठे अडतो ते आधी बघा

प्रोबेट म्हणजे माणूस गेल्यावर त्याची मालमत्ता आणि देणी कोर्टामार्फत मार्गी लावणं, आणि काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा म्हणा. या रेकॉर्डसाठी अर्ज केला आणि ‘नो विल फाउंड’ एवढं एका ओळीचं उत्तर आलं की लोक समजतात विषय संपला. अहो, तुम्ही विल म्हणजे मृत्युपत्र मागितलंत, क्लार्कने विलचं रजिस्टर उघडलं, त्यात नाव नव्हतं, त्याने नाही म्हणून कळवलं. तो खोटं बोलला नाही, फक्त विचारलं तेवढंच बघितलं. माणूस मृत्युपत्र न करता गेला तरी मागे जमीन, गुरं, देणी राहिली असतील तर कोर्ट कुणाला तरी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नेमायचं आणि त्याची वेगळी फाइल व्हायची. वंशावळीसाठी ही फाइल पुष्कळदा विलपेक्षा बरी, कारण विलमध्ये माणूस आपल्या मर्जीने चार नावं घालतो, इथे वारस कायद्याने ठरतात, त्यामुळे लग्न होऊन गेलेल्या मुली, आधीच वारलेल्या मुलाची पोरं, दुसऱ्या राज्यात गेलेला भाऊ असे सगळे बहुधा सापडतात. म्हणून अर्जात नुसतं ‘विल’ लिहूच नका. ‘कम्प्लीट इस्टेट फाइल, टेस्टेट ऑर इन्टेस्टेट’ असं लिहा, म्हणजे मृत्युपत्र असो वा नसो, सगळी फाइल.

हे सगळं कोणाला लागतं? हल्ली बऱ्याच घरांत अमेरिकन सून किंवा जावई आहे, नातवंडांच्या वंशवृक्षाची एक बाजू कुलवृत्तांतातून सात पिढ्या मागे जाते आणि दुसरी बाजू आजोबांपाशीच थांबते. तिकडच्या जनगणनेत १८५० च्या आधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असायचं, बाकीच्यांचे नुसते आकडे, आणि १८९० ची जनगणना तर १९२१ च्या आगीनंतर जवळपास सगळीच गेली. मग उरतात ही कोर्टाची कागदपत्रं.

पात्रतेचं एका ओळीत: जुनी प्रोबेट फाइल सहसा पब्लिक रेकॉर्ड असते, नातं सिद्ध करावं लागत नाही. आपल्याकडच्या सवयीने लोक आधार, पासपोर्ट, वर नोटरी केलेलं अ‍ॅफिडेव्हिट जोडतात. काही जोडू नका, कोणी मागितलेलं नाही. दत्तकाच्या फायली मात्र बहुतेक ठिकाणी बंद असतात, त्यांचा रस्ता वेगळा.

आता खरी गोची, काउंटी कोणती. लोक थडगं जिथे आहे तिथल्या कोर्टाला लिहितात. प्रोबेट साधारणपणे माणूस राहायचा त्या काउंटीत होतं, कुठे वारला किंवा कुठे पुरला त्यावर नाही. आपल्या ओळखीचंच उदाहरण घ्या, आनंदीबाई जोशींच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सीला कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहेत, म्हणजे डचेस काउंटी. पण ज्या कार्पेंटर बाईंकडे त्या उतरल्या त्यांचं घर न्यू जर्सीत रोझेलला, म्हणजे युनियन काउंटी, राज्यच वेगळं. रोझेलच्या एखाद्या कुटुंबाची फाइल नुसतं थडगं बघून डचेसला शोधत बसलात तर हात हलवत परत. आणि गंमत पुढेच आहे, युनियन काउंटी झाली १८५७ मध्ये, एसेक्समधून तोडून. त्याआधी कोणी गेला असेल तर कागद एसेक्सच्या नावावर. वर न्यू जर्सीची १९०१ पूर्वीची मूळ विलं काउंटीत नाहीतच, ती ट्रेंटनला स्टेट आर्काइव्ह्जमध्ये. एका गावासाठी एवढे फाटे! म्हणून आधी ‘त्या वर्षी हे गाव कोणत्या काउंटीत होतं’ हे शोधा, मगच लिफाफ्यावर पत्ता घाला.

कोर्टाचं नावही राज्यागणिक बदलतं. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत सरोगेट कोर्ट, पेनसिल्व्हेनियात रजिस्टर ऑफ विल्स आणि ऑर्फन्स कोर्ट. ऑर्फन्स कोर्ट म्हटल्यावर अनाथाश्रमाचं काही असेल म्हणून लोक सोडून देतात, सोडू नका, बाप गेला की आई जिवंत असली तरी पोरांच्या इस्टेटीचा मामला तिथेच जायचा. कनेक्टिकटमध्ये तर प्रोबेट काउंटीवर चालतच नाही, त्याचे वेगळे प्रोबेट डिस्ट्रिक्ट असतात.

मग तारखा. ०३/०७/१८८४ म्हणजे तिकडे ७ मार्च, ३ जुलै नव्हे, आणि यावरून अर्ज चुकलेले बघून बघून आता वैताग येतो. फॉर्मवर ‘या वर्षापासून त्या वर्षापर्यंत’ असा रकाना असतो तिथे लोक मृत्यूचं एकच वर्ष दोनदा लिहितात. फाइल त्याच वर्षी उघडेल असं काही नाही, कधी कधी बायको जाईपर्यंत कोणी कोर्टात जातच नाही, कधी जमीन विकायची वेळ आली की मग सगळे जागे होतात, आणि सगळ्यात धाकटं पोर २१ चं होईपर्यंत हिशोब चालूच. पुढची वीस वर्षं तरी धरा. नावाची स्पेलिंगं सुचतील तेवढी द्या, एक द्याल तर एकच शोधतील.

पैशाचं. न्यूयॉर्कच्या सरोगेट कोर्टात सर्च फी २५ वर्षांच्या आतल्या रेकॉर्डला ३० डॉलर आणि त्याहून जुन्याला ९० डॉलर अशी ठरलेली आहे, आपलं काम जुन्यातलंच, म्हणजे ९० धरून चाला, आणि काही सापडलं नाही म्हणून परत मिळतील अशी आशा ठेवू नका. पाठवण्याआधी आजची फी विचारून घ्या. भारतातल्या बँकेचा चेक पाठवू नका. अमेरिकेत कोणी नातेवाईक असेल तर मनी ऑर्डर आणि तिकीट लावलेलं परतीचं पाकीट त्याच्याकडूनच पाठवा, भारतातलं तिकीट तिथे चालत नाही हे सांगायला लागू नये पण लागतं. आणि सर्टिफाइड कॉपी घेऊ नका, ती कोर्टकचेरीसाठी, वंशावळीला साधी झेरॉक्स पुरते.

खरं तर अर्जाच्या आधी फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर बघा. अकाउंट फुकट आहे, आणि २०२४ पासून त्यांनी जुन्या हस्ताक्षरातल्या कागदांचा फुल टेक्स्ट सर्च सुरू केलाय, प्रोबेट आणि जमिनीच्या कागदांपासूनच सुरुवात केली, त्यामुळे इंडेक्समध्ये नसलेला साक्षीदार किंवा शेजारीसुद्धा सापडतो. काही इमेजेसवर किल्लीचं चिन्ह येतं, त्या घरून उघडत नाहीत, त्यांच्या सेंटरला किंवा जोडलेल्या लायब्ररीत जावं लागतं. अ‍ॅन्सेस्ट्री या तसल्याच दुसऱ्या वेबसाइटवरही मोठा साठा आहे, पण बराचसा पैसे भरून.

ऑनलाइन विल सापडलं म्हणून थांबू नका. ते बहुधा विल बुकमधली कारकुनाने केलेली नक्कल असते. मूळ पुडक्यात अर्ज, जामिनाचे कागद, घेणेकऱ्यांच्या पावत्या, खऱ्या सह्या असतात, आपल्याकडे सातबाऱ्यावर एक ओळ दिसते पण भांडणं फेरफारात कळतात तसंच हे. इन्व्हेंटरी तर नक्की मागा: पिसांची गादी, लोखंडी किटली, एक गाय आणि पुढे प्रत्येकाची किंमत, अशी घरभर फिरून केलेली यादी असते. दक्षिणेकडच्या राज्यांत त्याच यादीत, गाईच्या खाली-वर, गुलाम माणसांची नावं किमतीसकट लिहिलेली आहेत. वाचवत नाही. पण कृष्णवर्णीय घरांना १८७० च्या, म्हणजे गुलामगिरी संपल्यानंतरच्या पहिल्या जनगणनेमागे जायचं तर पुष्कळदा एवढाच कागद हाती लागतो. घरच्या पूर्वजाचं नाव शोधून भागत नाही, ज्याच्या मालकीत तो होता त्या मालकाच्या नावाने इस्टेट फाइल मागावी लागते.

‘रेकॉर्ड्स डिस्ट्रॉइड’ असं उत्तर आलं तर ते खरं असू शकतं, १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोचे ढीगभर कागद जळले. तरी शेजारच्या काउंटीत त्या माणसाची जमीन होती का बघा, असेल तर तिथेही कागद झालेले असू शकतात. नंतरच्या खरेदीखतात वारसांची नावं येतात, आणि तेव्हाच्या वर्तमानपत्रात घेणेकऱ्यांसाठीची जाहीर नोटीस सापडली तर फाइल उघडल्याची तारीख तरी पक्की होते.