टोमॅटोच्या फुलाला हादरा लागतो

घरात, खिडकीशी किंवा दिव्याखाली वाढवलेलं टोमॅटोचं झाड हिरवंगार होतं, पिवळ्या फुलांनी भरतं आणि मग एकेक फूल देठासकट गळून पडतं. यावर ठरलेलं उत्तर मिळतं: घरात मधमाश्या येत नाहीत, मग फळ कुठून धरणार? हे उत्तर चुकीचं आहे. टोमॅटोचं फूल द्विलिंगी असतं, स्वतःच्याच परागांनी फळतं. जोडीला दुसरं झाड लागत नाही. शिवाय मधमाशी घरात आलीच, तरी या फुलातले पराग तिला नीट काढता येत नाहीत.

का, ते उमललेलं फूल जवळून पाहिलं की कळतं. पाकळ्या मागे वळलेल्या आणि मधोमध पिवळा, निमुळता सुळका. पाच-सहा परागकोश कडेने एकमेकांना चिकटून ही नळी बनते. परागकोश आतल्या बाजूने उकलतात, त्यामुळे पराग नळीच्या आतच राहतात. बाहेर पडायला वाट एकच, टोकाची. नळीच्या मधून कुक्षिवृंत, म्हणजे फुलाच्या स्त्रीभागाची बारीक दांडी, येतो आणि त्याचं पराग झेलणारं टोक, म्हणजे कुक्षी, बहुतेक लागवडीच्या वाणांत नळीच्या तोंडापाशी किंवा थोडं आतच थांबतं. फूल मान खाली घालून लोंबतं, म्हणजे सुटलेले पराग आपसूक कुक्षीवरून खाली येतात. पण आधी ते सुटायला हवेत.

खरी मौज इथे आहे. टोमॅटोचा परागकण साधारण २० मायक्रोमीटरचा. एका मिलिमीटरमध्ये असे ५० ओळीने बसतील. कणाचं वजन त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात घटतं, पण पृष्ठभागाला चिकटण्याचं बल साधारण त्रिज्येच्याच प्रमाणात घटतं. म्हणून इतक्या बारीक कणाला गुरुत्वाकर्षण सोडवू शकत नाही. त्याला झटका लागतो आणि त्याचा जोर त्वरणावर ठरतो. कंपन करणाऱ्या वस्तूचं कमाल त्वरण म्हणजे आयाम (मधल्या जागेपासून ती जास्तीत जास्त किती सरकते ते अंतर) गुणिले (२π × वारंवारता)चा वर्ग. हाताने झाड हलवलं, सेकंदाला ३ वेळा, १ सेंटिमीटर आयामाने, तर त्वरण येतं सुमारे ३.५ मीटर प्रति सेकंद वर्ग, गुरुत्वाच्या जेमतेम एक-तृतीयांश. आता सेकंदाला २५० कंपनं घ्या, आयाम फक्त ०.१ मिलिमीटर. त्वरण जवळजवळ २५० होतं, म्हणजे गुरुत्वाच्या २५ पट! वारंवारतेचा वर्ग होतो, सगळी करामत त्या वर्गाची.

भुंग्यांच्या आणि बंबलबीच्या अंगी हीच करामत आहे. बंबलबी, म्हणजे मधमाशीची जाडजूड, केसाळ नातलग, सुळका जबड्यात घट्ट धरते, पंख मिटूनच ठेवते आणि उडण्याचे स्नायू सेकंदाला काहीशे वेळा थरथरवते. १९७८ साली बुकमन आणि हर्ली या संशोधकांनी याचं गणिती प्रारूप मांडलं: थरथरणाऱ्या भिंतींवर आपटून कणांना ऊर्जा मिळत जाते आणि डबीत उसळणाऱ्या गोट्यांसारखे ते भोकातून बाहेर उडतात. मधमाशीला हे थरथरणं जमत नाही. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात हरितगृहांत बंबलबीच्या वसाहती ठेवायला सुरुवात झाली. त्याआधी माणसं विजेवर कंपणारी कांडी घेऊन घोसाघोसाला लावत फिरायची.

घरात ते काम विजेवर चालणारा टूथब्रश करतो. ब्रशच्या डोक्याची मागची बाजू फुलामागच्या देठाला टेकवा, दोन-तीन सेकंद. सुळक्याला लावू नका, त्याला इजा होते. फूल दोन-तीन दिवसच चांगलं उघडं असतं, म्हणून एक दिवसाआड प्रत्येक घोसाला हादरा द्या, तोही दुपारच्या सुमारास, हवा कोरडी झाल्यावर. पहिल्या वेळी खाली काळा कागद धरा. फिकट पिवळी, पिठासारखी धूळ पडली तर काम होतंय. पंख्याच्या झुळकीनेही थोडं साधतं, पण प्रत्येक घोसाची खात्री देता येत नाही.

संगीत ऐकवून फळं वाढतात, असा दावा सर्रास केला जातो. निदान परागांपुरता तरी तो टिकत नाही. वनस्पतीची ऊती हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. हवेतून आलेला आवाज बहुतांशी पृष्ठभागावरूनच परततो. वाजता ट्यूनिंग फोर्क (ठोकल्यावर एकाच सुरात थरथरणारा धातूचा दुबेळका) देठाला टेकवला तर पराग पडतात, फुलासमोर नुसता धरला तर नाही. स्पर्श हवा.

कागदावर धूळच दिसली नाही, तर? हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असेल तर परागांचे गोळे होतात. फार कोरड्या हवेत ते सुटतात, पण कुक्षीवर टिकत नाहीत. ५० ते ७० टक्के ठीक. तापमानाची गोष्ट जास्त फसवी आहे. पराग उष्णतेला सर्वांत हळवा असतो तो फूल उमलण्याच्या ८ ते १३ दिवस आधी, कळीत तयार होताना. म्हणजे आज गळालेल्या फुलाचं कारण दीड आठवड्यापूर्वीच्या उकाड्यात असू शकतं. दिवसा २१ ते २८ आणि रात्री १५ ते २० अंश सेल्सिअस राखा. दिवसा ३२च्या वर किंवा रात्री २४च्या वर सतत राहिलं तर पराग निकामी होऊ लागतात. उष्णतेत कधी कुक्षिवृंत लांबून नळीबाहेरही येतो. रात्री १३च्या खालीही परागांची प्रत घसरते.

फलन झालं की वाढणाऱ्या बीजांमधून ऑक्झिन हे संजीवक देठात उतरतं. देठाच्या मध्यावर गुडघ्यासारखी गाठ दिसते, तो गळण्याचा सांधा. ऑक्झिन मिळत राहिलं तर सांधा बंद राहतो. आटलं की इथिलीन या वायुरूप संजीवकाचा प्रभाव वाढतो, सांधा पिवळा पडतो आणि फूल तिथूनच तुटतं. म्हणून पिकती केळी त्याच खोलीत ठेवू नका, ती इथिलीन सोडतात. ऑक्झिनसारखी फवारणी फूल टिकवते, पण फलनाशिवाय वाढलेली ती फळं बहुधा बिनबियांची आणि पोकळ निघतात.

प्रकाश कमी असेल तर झाड स्वतःच फुलं टाकतं. फळासाठी दर चौरस मीटरला दिवसाला सुमारे २० मोल (प्रकाशकण मोजायचं एकक) प्रकाश लागतो: दिव्याखाली पानांवर ४०० मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद, १४ तास. दिवा २४ तास लावू नका. अखंड उजेडात टोमॅटोची पानं पिवळी पडतात. नत्राचं खत जास्त झालं तर पाला माजतो, फुलं कमी येतात. वाण निवडताना मोठ्या फळांपेक्षा बुटकी चेरी जात घ्या.

हादऱ्यानंतर आठवड्याभरात पाकळ्या वाळून मागे हिरवा मणी दिसला की फळ धरलं. पिकायला पुढे ४५ ते ६० दिवस. एखादं फळ वाकडं निघालं तर आडवं कापून पाहा. ज्या बाजूला ते चेपलंय, तिथल्या कप्प्यात बिया बहुधा तुरळक असतील, कारण तिकडच्या बीजांडांपर्यंत पुरेसे पराग पोचले नाहीत. पुढच्या घोसाला ब्रश सेकंदभर जास्त टेकवा.