बीपीचा दणका मेंदूपर्यंत जातो

हार्टचा पेशंट वेगळा आणि विसरायला लागलेला म्हातारा माणूस वेगळा, असंच आपल्याकडे बहुतेकांना वाटतं. एकाला कार्डिओलॉजिस्टकडे न्यायचं, दुसऱ्याला 'वय झालं आता' म्हणून सोडून द्यायचं. अमेरिकेतल्या हिस्पॅनिक-लॅटिनो, म्हणजे मेक्सिको, पोर्तो रिको, दक्षिण अमेरिका अशा भागांत मुळं असलेल्या लोकांवरचा एक मोठा स्टडी बघितला की ही समजूत टिकत नाही.

न्यूयॉर्कमधलं ब्रॉन्क्स, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगो इथले १८ ते ७४ वयाचे १६ हजारांवर लोक २००८ ते २०११ मध्ये यात घेतले. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, सिगारेट, वजन सगळं नोंदवलं, पंचेचाळिशीच्या पुढच्यांच्या मेंदूच्या टेस्ट घेतल्या आणि साधारण ७ वर्षांनी त्यातल्या बऱ्याच जणांच्या परत घेतल्या. ज्यांना हार्टचा धोका जास्त, त्यांचे मार्क सरासरीने कमी.

का, ते बघा, मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के पण ऊर्जा खातो २० टक्के, त्यामुळे त्याला रक्त अखंड लागतं. हृदयातून निघणारी महाधमनी तरुणपणी लवचिक असते, प्रत्येक ठोक्याला ती फुगते आणि रक्ताचा दणका स्वतःच झेलते. वय, बीपी, डायबेटिस यांनी ती कडक होत जाते, मग तो दणका न विरता थेट मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतो. खोलवर जाणाऱ्या या वाहिन्या बहुतेक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक, मोठ्या धमनीतून एकदम काटकोनात फुटलेल्या, आणि वस्तीच्या टोकाच्या घराला एकच पाइपलाइन असावी तसं त्यांना दुसरा रस्ता जवळपास नसतोच. मार खाऊन त्यांच्या भिंती जाड होतात, आतली पोकळी अरुंद होते, आणि त्यांच्यावर जगणारा व्हाइट मॅटर, म्हणजे मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागात निरोप नेणाऱ्या तंतूंचे जुडगे, उपाशी राहतो. एमआरआयवर तिथे पांढरे डाग दिसतात, माणसाला मात्र कित्येक वर्षं काही जाणवत नाही, लकवा नाही की चक्कर नाही.

तंतू खराब झाले की बऱ्याचदा आठवणीच्या आधी स्पीड जातो. या स्टडीतली एक टेस्ट तेच पकडते: १ ते ९ आकड्यांना एकेक चिन्ह दिलेलं असतं, समोरच्या आकड्यांखाली ९० सेकंदांत जमतील तितकी चिन्हं भरायची. आठवायचं फारसं काही नाही, फक्त भराभर जुळवायचं.

यावर लगेच 'त्यांचे जीन्सच तसे' म्हणणारे भेटतात, पण हिस्पॅनिक हा काही एक वंश नाही. याच स्टडीत डायबेटिसचं प्रमाण मेक्सिकन लोकांत १८ टक्क्यांच्या वर आणि दक्षिण अमेरिकेतून आलेल्यांत १० टक्क्यांच्या आसपास निघालं. शिक्षण किती, इन्शुरन्स आहे का, यानेही प्रचंड फरक पडतो. आणि आपल्याकडे स्मरणशक्ती वाढवायच्या गोळ्या-सिरपच्या ज्या जाहिराती येतात ना, त्यातलं एकही औषध कडक झालेली महाधमनी परत मऊ करत नाही, पैसे घालवू नका.

बीपीचं तसं नाही. २०१९ साली आलेल्या स्प्रिंट माइंड ट्रायलमध्ये वरचं बीपी १४० ऐवजी १२० च्या खाली आणायचं ठरवून औषधं दिली, तर मेंदूची सौम्य घसरण होण्याचं प्रमाण सुमारे १९ टक्क्यांनी कमी दिसलं, डिमेन्शियातली (स्मृतिभ्रंशातली) घट मात्र पक्की म्हणण्याइतकी नव्हती. त्यातही डायबेटिसवाल्यांना या ट्रायलमध्ये घेतलंच नव्हतं, त्यामुळे बीपी आणि शुगर दोन्ही असलेल्या ब्रॉन्क्समधल्या एखाद्या पोर्तो रिकन आजीला हा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही.