एका चौरसातून सहा पाय : कागदी कीटकांच्या ओरिगामीची पार्श्वभूमी

कागदाचा एकच चौरस घेऊन, त्याला कात्री किंवा डिंक न लावता, पाय, मिशा आणि पंख असलेला हुबेहूब भुंगेरा घडवणे हे आज ओरिगामीच्या प्रदर्शनांत नवलाचे राहिलेले नाही. पण ही किमया जेमतेम तीन-चार दशकांपूर्वीची आहे. जपानमधील घडीकामाची परंपरा कितीतरी जुनी असली, तरी कीटक तिला सहजासहजी साधले नाहीत. सुमारे १८४५ मधील ‘कायारागुसा’ या हस्तलिखितात चतुर आढळतो, मात्र त्या काळी अशा आकृत्यांसाठी कागदाला छेद देणे वर्ज्य मानले जात नसे.

अडचण मुळात टोकांच्या संख्येची होती. क्रौंच पक्ष्याच्या पारंपरिक घडीत चौरसाच्या चार कोपऱ्यांमधून मान, शेपूट आणि दोन पंख निघतात, आणि कोपरे तिथेच संपतात. कीटकाला मात्र निदान सहा पाय हवेत, तेही लांब आणि बारीक. कोपऱ्यातून काढलेले टोक चौरसावर पाव वर्तुळाएवढी जागा घेते, कडेवरून काढलेले अर्ध्या वर्तुळाएवढी, आणि कागदाच्या मधोमध काढलेले टोक पूर्ण वर्तुळाएवढी. टोकाची लांबी हीच त्या वर्तुळाची त्रिज्या. त्यामुळे पाय वाढवावेत तसा हाती येणारा कीटक मूळ कागदाच्या मानाने लहान होत जातो आणि घड्यांचे थर साचतात.

ही वर्तुळे एकमेकांवर न चढता चौरसात कशी बसवायची, याची पद्धत १९९० च्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये तोशियुकी मेगुरो आणि अमेरिकेत रॉबर्ट लँग यांनी स्वतंत्रपणे शोधून काढली. लँग हे पेशाने लेसर-संशोधक. पुढे २००१ मध्ये नोकरी सोडून त्यांनी पूर्णवेळ ओरिगामीला वाहून घेतले. कीटकाचे रेखाचित्र दिल्यावर घड्यांचा आराखडा काढून देणारी ‘ट्रीमेकर’ ही संगणक प्रणालीही त्यांचीच. याच सुमारास जपानमध्ये ‘ओरिगामी तान्तेइदान’, म्हणजे ओरिगामीचे गुप्तहेर, असे गमतीदार नाव घेतलेल्या मंडळींमध्ये मेगुरो आणि फुमिआकी कावाहाता यांच्यासारखे रचनाकार होते. त्यांच्यात आणि लँग यांच्यात जी चढाओढ लागली, ती ‘कीटकयुद्ध’ म्हणून ओळखली जाते: एकाने सहा पायांचा भुंगेरा आणला, की दुसऱ्याने शिंगांचा, तिसऱ्याने पंख पसरून उडणारा आणायचा. जपानी मुले उन्हाळ्यात शिंगी भुंगेरे हौसेने पकडतात आणि पाळतात, हे ध्यानात घेतले तर या स्पर्धेसाठी नेमका हाच प्राणी का निवडला गेला असावा, हे समजणे कठीण नाही.

तरीही, माझ्या मते, हा इतिहास केवळ गणिताचा म्हणून सांगणे अन्यायाचे ठरेल. वर्तुळांची मांडणी पाय किती आणि केवढे हे ठरवते. पायाला गुडघ्याशी बाक कसा द्यावा किंवा पाठीच्या कवचाला फुगीरपणा कसा आणावा, हे ती सांगत नाही. ते अंग अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांच्याकडून आले. कारखान्यात काम केलेल्या या कलावंताने कागद किंचित ओला करून घडी घालण्याची रीत रुजवली. खळ असलेला जाड कागद ओलसर असताना वळवला, तर तो सुकल्यावर तो बाक धरून ठेवतो. मनासारखा सिकाडा (झाडांवर किरकिरणारा पंखवाला कीटक) साधायला योशिझावा यांना तेवीस वर्षे लागली, असे सांगतात.

कीटकांच्या बाबतीत मात्र जाड कागद चालत नाही, कारण एका पायात अनेक थर दडलेले असतात. म्हणून आज रचनाकार कोझो झाडाच्या सालीपासून केलेला पातळ वाशी कागद वापरतात, किंवा धातूच्या पातळ वर्खाच्या दोन्ही बाजूंना टिश्यू चिकटवून घेतात. मिथाइल सेल्युलोजची खळ लावून पाय दाबून पातळ करतात आणि सुकेपर्यंत चिमट्यांनी धरून ठेवतात. आराखडा उतरवून झाल्यावर उरणारे हे काम संगणकाला अजून तरी सोपवता आलेले नाही.