नोटीस बोर्डावरचे तीस दिवस: नोंदणी विवाहाची पार्श्वभूमी

मुंबई-पुण्यात नोकरी करणारी, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी बरीच तरुण जोडपी आता लग्न सह्या करून उरकतात. सकाळी विवाह अधिकाऱ्यांचं कार्यालय, दुपारी मित्रमंडळींबरोबर जेवण, रात्री कुणाच्या तरी गच्चीवर पार्टी. हळद आणि मांडव हवाच असेल तर सवडीने गावी. कुणाला व्हिसासाठी प्रमाणपत्र लवकर लागतं, कुणाला खर्च परवडत नाही, कुणाला विधी मान्य नसतात. दोघांचे धर्म वेगळे असतील आणि कुणालाही आपला सोडायचा नसेल, तर बहुतेकांना दुसरा रस्ता नसतो.

हे लग्न विशेष विवाह अधिनियम, १९५४ या कायद्याने होतं. त्यासाठी आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयाच्या फलकावर लागते आणि तिथून पुढे तीस दिवस थांबावं लागतं. या तीस दिवसांत नेमकं काय होतं आणि ते कायद्यात आले कुठून, हे ठाऊक नसल्यामुळे बऱ्याच जोडप्यांचे हाल होतात.

सुरुवात झाली बंगालमध्ये. ब्राह्मो समाज या सुधारणावादी पंथाच्या लोकांनी मूर्तिपूजा सोडली तसे पारंपरिक विवाहविधीही सोडले. मग त्यांची लग्नं कायद्याने ग्राह्य आहेत का, अशी शंका निघाली. केशवचंद्र सेन यांनी सरकारकडे स्वतंत्र कायद्याची मागणी केली. व्हाइसरॉयच्या मंडळातले कायदा सदस्य हेन्री मेन यांनी १८६८ साली मांडलेला मसुदा बराच मोकळा होता, पण सनातनी मंडळींनी त्याला जोरदार विरोध केला. शेवटी १८७२ चा कायदा क्रमांक तीन झाला तो एका जाचक अटीसह. वधूवरांनी आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, ज्यू, बौद्ध, शीख किंवा जैन यांपैकी कोणताही धर्म मानत नाही असं लिहून द्यायचं. धर्म सोडा आणि लग्न करा, असा तो सौदा होता.

त्या कायद्याचा सांगाडा आजही ओळखू येतो. निबंधकाला लेखी नोटीस, तिची नोंदवहीत नोंद, ती वही कुणालाही विनामूल्य पाहण्याची मुभा, तीन साक्षीदार आणि ‘मी तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो’ हे वाक्य. फक्त मुदत चौदा दिवसांची होती. नोटिशीआधी जिल्ह्यात चौदा दिवसांचा रहिवास आणि नोटिशीनंतर चौदा दिवसांची वाट.

महाराष्ट्रात याच काळात वेगळ्या वाटेने काम चाललं होतं. सत्यशोधक समाजाच्या पद्धतीचं पहिलं लग्न २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात लागलं, भटजीशिवाय आणि अगदी कमी खर्चात. ती चळवळ पुरोहिताची मक्तेदारी मोडण्यासाठी होती, नोंदणीची सोय तिच्यात नव्हती. जातीबाहेरच्या लग्नांचा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने तसाच लोंबकळत राहिला. शाहू महाराजांनी १९१९ साली कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदा केला. ब्रिटिश मुलखात मात्र उच्च मानल्या गेलेल्या वर्णाचा पुरुष आणि खालच्या मानल्या गेलेल्या वर्णाची स्त्री असं अनुलोम लग्न मुंबई उच्च न्यायालयाने १९२२ मध्ये ग्राह्य धरलं, उलट बाजूचं नाही. हा भेद देशभर पुसला गेला तो थेट १९४९ च्या हिंदू विवाह वैधता कायद्याने.

मधल्या काळात कायदेपंडित हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नांनी १९२३ साली १८७२ च्या कायद्यात दुरुस्ती झाली. हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपापसात धर्म न सोडता नोंदणी विवाह करता येऊ लागला. त्याची किंमतही ठेवली गेली होती. असं लग्न करणारा हिंदू माणूस एकत्र कुटुंबातून कायद्याने विभक्त झाला असं मानलं जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांचा विवाह १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत बाबासाहेबांच्या राहत्या घरी निबंधकासमोर झाला. घटनेचा मसुदा घडवणाऱ्या माणसाचं लग्नही याच नोंदणीच्या दारातून झालं, हे प्रत्येक तरुण जोडप्याने लक्षात ठेवण्यासारखं आहे.

१९५४ चा कायदा १ जानेवारी १९५५ पासून लागू झाला आणि धर्म नाकारण्याची अट कायमची गेली. कोणत्याही दोन धर्मांच्या माणसांना आपापला धर्म ठेवून लग्न करता आलं. स्वतंत्र भारताच्या संसदेने केलेलं हे मोठं काम आहे. पण त्याच कायद्यात चौदा दिवसांचे तीस झाले, रहिवासाचेही आणि थांबण्याचेही. वहीत नोंद पुरेशी नाही, तर नोटिशीची प्रत कार्यालयात ठळक जागी लावावी, असंही कलम आलं. मुदत वाढवण्यामागचा विचार समजू शकतो. पहिलं लग्न लपवून कुणी दुसरं करू नये, अल्पवयीन मुलीला फसवू नये, खबर लागून हरकत घ्यायला वेळ मिळावा. तेव्हा जन्माचे दाखले सर्रास नव्हते. आज बरेच कागद संगणकावर आहेत, तरी कलम जसंच्या तसं आहे.

प्रत्यक्षात हिशेब असा बसतो. दोघांपैकी किमान एकाने त्या जिल्ह्यात नोटिशीआधी सलग तीस दिवस राहिलेलं असावं लागतं. नोटीस फलकावर लागल्यापासून तीस दिवस हरकतींसाठी. म्हणजे नवीन शहरात आजच खोली घेतलेल्या जोडप्याला किमान साठ दिवस धरावे लागतात. दुसऱ्या टोकाला, नोटीस दिल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून. या दोन मुदती वेगवेगळ्या दिवसांपासून मोजल्या जातात, एक प्रसिद्धीच्या आणि दुसरी नोटिशीच्या. परदेशातून सुट्टी काढून येणाऱ्यांची तिकिटं इथेच चुकतात.

जिल्हा कोणता, यावरही लोक अडखळतात. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन जिल्हे आहेत. माहीम आणि शीव शहरात मोडतात, वांद्रे आणि कुर्ला उपनगरात. नवी मुंबईत वाशी-ऐरोली ठाणे जिल्ह्यात, तर खारघर-पनवेल रायगडात. वसई-विरार २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. भाडेकरारावरचा पत्ता एका जिल्ह्यातला आणि अर्ज दुसऱ्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे, असं झालं की अर्ज परत येतो. भाडेकरार नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्रात त्याची नोंदणी तसंही सक्तीची आहे, आणि नुसत्या नोटरीच्या करारावर अडवणूक होते. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून नोटीस ऑनलाइनही देता येते. सोबत दोघांच्या वयाचा पुरावा (जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा पासपोर्ट), पत्त्याचा पुरावा, फोटो, आणि आधीचं लग्न झालेलं असल्यास घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत किंवा जोडीदाराचा मृत्यूचा दाखला. सर्वांत जास्त अडतं ते नावावर. दाखल्यात आडनाव आधी, आधारवर शेवटी, वडिलांचं नाव एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर आद्याक्षर. ही जुळवाजुळव नोटीस देण्याआधी करावी, नंतर नाही.

खरा जीव टांगणीला लागतो तो पुढच्या तरतुदीने. दोघांपैकी एकाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्या फलकावरही लागते. पुण्यात नोकरी करणारी मुलगी मूळची लातूरची असेल, तर तिचं नाव, वय आणि पत्ता लातूरच्या कार्यालयात भिंतीवर येतो. घरच्यांना अजून सांगितलेलं नाही, गावात धर्माचा किंवा जातीचा ताण आहे, अशा वेळी हा कागद धोकादायक ठरतो. कायद्यात एवढंच आहे, याहून जास्त काही नाही. घरच्या पत्त्यावर पत्र पाठवणं किंवा पोलिसांकरवी चौकशी करणं कायद्यात कुठेही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये घरी नोटीस पाठवण्याची प्रथा चुकीची ठरवली. कुणी कर्मचारी ‘आईवडिलांची संमती आणा’ म्हणत असेल, तर ती मागणी बेकायदा आहे. मुलगा एकवीस आणि मुलगी अठरा पूर्ण, इतकंच पुरे.

हरकत कुणीही घेऊ शकतं, पण कारणं मोजकी आहेत: जोडीदार हयात असणं, वय कमी असणं, मानसिक दृष्ट्या संमती देण्यास असमर्थ असणं आणि निषिद्ध नातं. ‘आम्हाला मान्य नाही’ ही हरकत नव्हे. निषिद्ध नात्यांची यादी पुरुष आणि स्त्री दोघांसाठी प्रत्येकी सदतीस नात्यांची आहे, आणि तिच्यात मामाची व आत्याची मुलगी येते. महाराष्ट्रात ज्या घरांत मामेबहिणीशी लग्न रूढ आहे, त्यांना हे ऐकून धक्का बसतो. १९६३ च्या दुरुस्तीने रूढीला सवलत मिळाली, मात्र ती रूढी राज्य सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेली असावी लागते. हरकत आली की अधिकाऱ्याने तीस दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा असतो. त्याने लग्न लावायला नकार दिला तर तीस दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील. खोडसाळ हरकत घेणाऱ्याला भरपाई म्हणून जास्तीत जास्त एक हजार रुपये लावता येतात. १९५४ साली ही रक्कम जरब बसवणारी होती. आज ती कुणालाही रोखत नाही, आणि संसदेने ती इतकी वर्षं न बदलणं ही अक्षम्य हयगय आहे.

तीस दिवस टाळण्यासाठी हिंदू विवाह कायद्यात बसणारी जोडपी आळंदीची वाट धरतात. तिथे गुरुजी, हार, सप्तपदी आणि फोटो एका दिवसात होतं, आणि हिंदू विवाह कायद्याखाली झालेल्या या लग्नाची नोंद पुढे महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याने करता येते. त्यासाठी नव्वद दिवसांची मुदत असते, सोबत तीन साक्षीदार आणि विधी करणाऱ्याची सही लागते. बौद्ध, जैन, शीख यांनाही हिंदू विवाह कायदाच लागू असल्यामुळे त्यांना, आणि आंतरजातीय जोडप्यांनाही, ही वाट मोकळी आहे. खबरदारी एकच: विधी खरोखर झाला पाहिजे. विधीच झाला नसेल तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट केलं. विधी न करता ‘झटपट सर्टिफिकेट’ मिळवून देणाऱ्या दलालांपासून म्हणून दूर राहावं. स्टँपपेपरवर नोटरीसमोर केलेलं ‘विवाहाचं प्रतिज्ञापत्र’ तर लग्नच नव्हे.

दोघांपैकी एक मुसलमान, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू असेल, तर अशा आंतरधर्मीय जोडप्याला आळंदी नाही. म्हणूनच नोटिशीचा सगळा भार त्यांच्यावर येतो. ज्यांना घरातून आणि गावातून सर्वांत जास्त धोका, त्यांनाच सरकारने सर्वांत जास्त वेळ उघड्यावर उभं करायचं, ही व्यवस्था न्याय्य म्हणता येत नाही. केंद्राच्या विधी आयोगाने (लॉ कमिशनने) २०१२ च्या अहवालात ही दिरंगाई काढून टाकण्याची शिफारस केली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये खासगीपणाच्या हक्काचा आधार घेत नोटिशीची प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर सोडली, पण तो निर्णय उत्तर प्रदेशापुरता आहे. महाराष्ट्रात उलट डिसेंबर २०२२ मध्ये आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेणारी समन्वय समिती नेमली गेली. धोका वाटत असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०१८ च्या निर्देशांचा हवाला देऊन पोलिस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे संरक्षणाचा लेखी अर्ज द्यावा, तोही नोटीस देण्याआधी, आणि त्याची पोच घ्यावी.

मालमत्तेबद्दलही विचारणा होते. दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील, तर १९७६ च्या दुरुस्तीमुळे एकत्र कुटुंबातून विभक्त होण्याचं कलम त्यांना लागू नाही आणि वारसाहक्क आपापल्या कायद्यानेच राहतो. आंतरधर्मीय लग्नात मात्र हिंदू जोडीदार एकत्र कुटुंबातून विभक्त मानला जातो आणि वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो. अशा जोडप्यांनी लग्नानंतर लगेच मृत्युपत्र करून ठेवावं.

प्रत्यक्ष दिवशी तीन साक्षीदार मूळ ओळखपत्रांसह लागतात. एक उशिरा आला तर बाकी सगळे खोळंबतात, म्हणून चौथा मित्र तयार ठेवावा. आधी दोघांनी आणि तिन्ही साक्षीदारांनी अधिकाऱ्यासमोर घोषणापत्रावर सह्या करायच्या, मग वधूवरांनी ते स्वीकाराचं वाक्य दोघांनाही समजणाऱ्या भाषेत उच्चारायचं, मराठीत चालतं. त्याशिवाय लग्न पूर्ण होत नाही, नुसत्या सह्या पुरत नाहीत. त्यानंतर विवाह प्रमाणपत्र पुस्तकात नोंद होते आणि दोघांच्या व तिन्ही साक्षीदारांच्या सह्या होतात. सही करण्याआधी प्रत्येक नावाचं अक्षर न् अक्षर पासपोर्टशी ताडून पाहावं. चूक राहिली तर मूळ नोंद खोडता येत नाही. चूक लक्षात आल्यापासून एक महिन्याच्या आत, दोघांना पुन्हा हजर ठेवून, अधिकारी समासात दुरुस्ती लिहितो आणि व्हिसाच्या कामाला तीच प्रत जोडावी लागते.