भिंतीवरचं ड्रिल आणि त्याची अर्धा इंची खोड

सोलापूरच्या जोडभावी पेठेतल्या एका लोहाराच्या दुकानात सागवानी फळीवर बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, एक यंत्र ठोकलेलं आहे. बाजूला जड चाक, पुढं हँडल, खाली छोटं टेबल. वापर बंद होऊन बरीच वर्षं झाली. नवखा माणूस त्याला पाण्याचा पंप समजतो. मीही समजलो होतो. हे हातानं फिरवायचं ड्रिल.

सुताराकडे भोक पाडायला सामता होता, गिरमिट होतं. लोहार मात्र पट्टी भट्टीत लाल करायचा, तिच्यावर सुंबा, म्हणजे भोक पाडायची टोकदार पहार, धरायचा आणि घण घालायचा. भोक पडायचं, पण कडा फुगायच्या, माप हलायचं. एवढ्यावर बैलगाडीचं काम भागे. नट-बोल्टची अवजारं आली, तसं भागेना. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० मध्ये उभा राहिला आणि लोखंडी नांगर आपल्याकडच्या काळ्या रानात उतरला. त्याच्या दुरुस्तीला बोल्ट बसेल असंच भोक लागे.

सोलापुरात १८७० च्या दशकात गिरणी उभी राहिली. तिथं वाफेच्या इंजिनावर शाफ्ट आणि पट्टे फिरायचे, त्यावर यंत्रं चालायची. पेठेतल्या लोहाराकडे ना इंजिन, ना पट्टा. जगभरच्या गावलोहारांची हीच अडचण होती आणि अमेरिकेतल्या कारखानदारांनी नेमकं तेच गिऱ्हाईक धरलं: पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरची चॅम्पियन ब्लोअर अँड फोर्ज, ओहायोत सेलमची सिल्व्हर. मेलबर्नच्या अर्नॉट आणि ब्रेन यांनी विजेच्या ड्रिलचं पेटंट १८८९ मध्येच घेतलं होतं, पण गावात वीजच नाही म्हटल्यावर हातड्रिल पुढंही कित्येक दशकं खपत राहिलं.

बीट, म्हणजे ड्रिलमध्ये बसवायचं भोक पाडणारं पातं, तेही तोवर सुधारलं होतं. आधी लोहार स्वतःच चपटं, भाल्याच्या टोकासारखं बीट घडवायचा. स्टीफन मोर्स यांनी १८६३ मध्ये पिळाच्या बीटाचं पेटंट घेतलं. पिळाच्या खोबणीतून कीस आपोआप वर येतो, म्हणून भोक तुंबत नाही.

यंत्राची खरी गंमत मात्र डोक्यावर आहे. लोखंड कापायला वेगापेक्षा दाब महत्त्वाचा. एक हात हँडलवर, दुसरा कामावर, मग दाबायचं कोणी? हँडलच्या फेऱ्याबरोबर एक दांडी वरखाली होते, तिच्या टोकाची लोखंडी जीभ वरच्या दातेरी चाकाला पुढं ढकलते, चाकाखालचा स्क्रू किंचित फिरतो आणि बीट तेवढंच खाली उतरतं. एका फेऱ्याला किती दाते सरकावेत, हे ठरवता येतं. कडक लोखंडाला कमी, मऊ पट्टीला जास्त. मोठं चाक आपल्या वजनानं फिरत राहतं, त्यामुळे बीट अडलं तरी हाताला झटका बसत नाही.

म्हणून असं यंत्र हाती आलं की मोटर बसवायची घाई करू नये. मोटरच्या वेगात ती जीभ आणि दाते टिकणार नाहीत, आणि बिडाचा दाता तुटला तर वेल्डिंगही जपूनच करावं लागतं, नाहीतर शेजारी तडा जातो. गंजून अडकलेले भाग आधी रॉकेल आणि तेलात भिजवून वाट पाहावी. हातोडा मारायचाच तर मधे लाकूड धरावं. प्रत्येक बेअरिंगला तेलाचं एक भोक असतं. ते बहुधा रंगानं किंवा मळीनं बुजलेलं सापडतं. तारेनं ते मोकळं केलं की निम्मं काम झालं. अंगावर पेटंटची तारीख कोरलेली असली तर तीच यंत्राच्या जन्माची समजू नये, कारण एकाच पेटंटवर वर्षानुवर्षं माल निघायचा.

राहिला प्रश्न बीटाचा. या ड्रिलना चकच्या, म्हणजे बीट आवळून धरणाऱ्या पकडीच्या, जागी बहुधा अर्ध्या इंचाचं सरळ भोक आणि बाजूला एक स्क्रू असतो, म्हणून बीटाची दांडीही अर्ध्या इंचाची आणि एका बाजूनं सपाट लागते. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. दुकानदार ‘तेच हो’ म्हणून १३ ची दांडी पुढं करतो. ती आत जात नाही. भोक मोठं करून घेण्यापेक्षा खरादवाल्याकडून, म्हणजे लेथवाल्याकडून, दांडीच तेवढी उतरवून घ्यावी.