प्रवाळ टाकी, घरगुती

खाऱ्या पाण्याच्या काचटाकीत जिवंत प्रवाळ टप्प्याटप्प्याने आणून बसविण्याची व जोपासण्याची पद्धती. सातारा व सांगली हे जिल्हे सह्याद्रीच्या पूर्वेकडचे, समुद्रकिनाऱ्यापासून आत. येथे येणारा प्रवाळ प्लॅस्टिकच्या पिशवीत, बहुधा पुण्या-मुंबईकडून रात्रभराचा प्रवास करून येतो. त्यामुळे किनारी शहरांसाठी सांगितलेल्या रीती येथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत.

संज्ञा : मराठीत ‘पोवळे’ म्हटले की सराफाकडचा तांबडा खडा, मंगळाची अंगठी किंवा वैद्याची प्रवाळपिष्टी आठवते. हे पोवळे प्राधान्याने भूमध्य समुद्रातील कोरॅलियम रुब्रम या जातीचे. ती अंधाऱ्या कपारींत वाढते, टाकीतल्या प्रवाळांना प्रकाशावर अन्न बनवून देणारे सूक्ष्म शैवाल तिच्या ऊतकांत नसते आणि कठीण प्रवाळांशी तिचे नाते लांबचे आहे. ‘प्रवाल’ या संस्कृत शब्दाचा कोवळा कोंब असाही अर्थ आहे. कोंबाच्या तांबूस रंगावरून खड्याला नाव मिळाले, हे मत अधिक सयुक्तिक वाटते; मात्र शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात ‘आलकंदक’ प्रवाळाचा निर्देश आहे. आलकंद म्हणजे अलेक्झांड्रिया, असे फ्रेंच प्राच्यविद्यापंडित सिल्व्हँ लेव्ही यांनी सुचविले. ते मानल्यास त्या ग्रंथाचा, निदान त्या भागाचा काळ बराच अलीकडे आणावा लागतो, म्हणून अनेकांनी ते स्वीकारलेले नाही. इ. स. पहिल्या शतकाच्या सुमारास भूमध्य पोवळे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरत होते, हे पेरिप्लस या सागरी व्यापारावरील ग्रीक ग्रंथावरून दिसते. तेवढ्यापुरते लेव्ही यांचे म्हणणे अशक्य कोटीतले नाही.

उगम : घरात प्रवाळ पहिल्यांदा कोणी जगविला, याची उत्तरे ‘प्रवाळ’ आणि ‘जगविणे’ या दोन शब्दांच्या अर्थानुसार बदलतात. झान व्हिल्‌प्र-पॉवर यांनी १८३२ च्या सुमारास सिसिलीत समुद्री जीव काचेच्या टाक्यांत ठेवून अभ्यासिले, पण त्यांचे काम मुख्यतः आर्गोनॉट या मृदुकाय प्राण्यावर होते. अ‍ॅना थिन या इंग्रज बाईंनी १८४६ मध्ये टॉर्की येथील कठीण प्रवाळ लंडनला नेले. ते त्यांनी सुई-दोऱ्याने स्पंजावर टाचले होते. मोलकरणीने ते पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहायचे, अशी हवा खेळविण्याची व्यवस्था होती. आजच्या पंपाची ती आजीच म्हणायची. रॉबर्ट वॉरिंग्टन (१८५०) यांचा वनस्पती व प्राणी यांच्या समतोलाचा प्रयोग गोड्या पाण्यातला होता. फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ च्या पुस्तकामुळे ‘अक्वेरियम’ हा शब्द रूढ झाला. इंग्रजी लेखक अग्रमान बहुधा थिन यांना देतात. परंतु त्यांचे प्रवाळ थंड पाण्यातले, शैवालविरहित होते. त्यांना प्रकाश लागत नव्हता आणि आजच्या टाकीतला खरा पेच प्रकाशाचाच आहे. या दृष्टीने जाकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत (जिवंत खडक, म्हणजे जिवाणू व सूक्ष्मजीव वसलेला समुद्रातील खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे) आरंभबिंदू मानणे उचित ठरेल. पुढे जर्मनीत फेस काढणारे स्किमर, जिवंत खडक, तीव्र दिवे आणि चुन्याची निवळी यांची जोड जमली. तिला ‘बर्लिन पद्धत’ म्हणतात.

कायदा : सर्व कठीण (स्क्लेरॅक्टिनिया) प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ व समुद्रपंखे यांचा समावेश २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत झाला. कठीण प्रवाळ वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील ‘सायटीस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातही आहेत आणि त्यांचे मृत सांगाडेही त्यातून सुटत नाहीत. अधिनियमातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. मालवणच्या सहलीतून बाटलीत घालून आणलेला ‘दगडाचा तुकडा’ हा म्हणूनच गुन्हा ठरू शकतो. शिवाय कुंभार्ली घाट चढेपर्यंत तो बहुधा मेलेलाही असतो. पुढील विवेचन त्यामुळे मुख्यतः मऊ प्रवाळांचे आहे : चामडी प्रवाळ (सार्कोफायटन), झेनिया, तसेच काटेकोरपणे प्रवाळ नसलेले पण टाकीत त्याच नावाने वावरणारे अळंबी-प्रवाळ व झोअँथिड (बटणांसारख्या पुंजक्यांत वाढणारे जीव). दुकानात कोणते नाव सांगितले यापेक्षा पावतीवर कोणते लिहिले आहे ते पाहावे.

पाणी : लवणता हजारी ३५, तापमान २४° ते २७° से., पीएच ८.१ ते ८.४, कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिग्रॅ. ही मूल्ये सर्वपरिचित आहेत. १,००० लि. साठी सुमारे ३५ ते ३८ किग्रॅ. तयार समुद्री मीठ लागते. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण त्यात मॅग्नेशियम-कॅल्शियम जवळजवळ नसते. कोकणातून कॅन भरून पाणी आणणारे आहेत, पण पावसाळ्यात किनाऱ्याचे पाणी गढूळ व फिके असते. वाळवा-मिरज पट्ट्यातील विहिरी व बोअर यांच्या पाण्यात उसाच्या खतांतील नायट्रेट आणि क्षारपड जमिनीचे क्षार उतरतात. ते आरओ व विआयनीकरण राळेतून गाळून, टीडीएस (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) मीटरवर शून्य आल्याशिवाय मीठ कालवू नये. नव्या टाकीत अमोनियाचे नायट्राइट व त्याचे नायट्रेट करणारे जिवाणू जम धरण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया शून्य दिसला की टाकी तयार झाली, हा समज मात्र घाईचा आहे. तपकिरी शैवालाची पहिली लाट येऊन ओसरल्यावरच पहिला प्रवाळ घ्यावा आणि तो झोअँथिड किंवा अळंबी-प्रवाळच असावा.

पिशवी ते टाकी : या मुद्द्यावर तज्ज्ञांत एकमत नाही. जुन्या पद्धतीनुसार पिशवीतले पाणी बादलीत काढून बारीक नळीने टाकीचे पाणी तासन्‌तास ठिबकवितात. तिच्यावरील आक्षेप रासायनिक आहे. बंद पिशवीत श्वसनाचा कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरतो. त्यामुळे साचलेला अमोनिया बव्हंशी अमोनियम आयनांच्या, म्हणजे तुलनेने निरुपद्रवी रूपात राहतो. तोंड सोडताच वायू उडून जातो, पीएच चढतो आणि अमोनियाचा काही अंश (८.२ पीएचला सुमारे ५ ते ७ टक्के) विषारी मुक्त रूपात येतो. ठिबक जितकी लांबते तितका जीव त्या पाण्यात जास्त वेळ राहतो. हा युक्तिवाद मुळात माशांसाठी मांडलेला आहे; प्रवाळ स्वतः फारसा अमोनिया सोडत नाही, असे प्रतिपक्ष म्हणतो आणि ते खरे आहे. परंतु दहा-बारा तासांच्या प्रवासात एखादी फांदी चिरडून तिचा चिकट पांढुरका लगदा पिशवीच्या तळाशी बसतो, तेव्हा हिशेब बदलतो. पिशवी सोडताच कुबट वास आला तर ठिबकीचा विचार सोडून द्यावा. एरवी बंद पिशवी १५ ते २० मिनिटे टाकीवर तरंगत ठेवून तापमान जुळवावे, रिफ्रॅक्टोमीटरने दोन्ही पाण्यांची लवणता पाहावी आणि अर्ध्या तासात वाटी-वाटीने पाणी घालून काम संपवावे. लांबून आलेल्या मालाला ही आखूड पद्धत अधिक मानवते. पिशवीतले पाणी टाकीत कधीही ओतू नये.

त्यानंतर आयोडीनयुक्त द्रावणाची अंघोळ, द्रावणावर छापलेल्या प्रमाणात व तितकीच मिनिटे. पांढऱ्या टबात प्रवाळ धरून पिचकारीने त्याच्या खाचांत पाणी मारले की टबाच्या तळाशी काय काय पडते ते दिसते : सुईच्या टोकाएवढे खेकडे, चपटे कृमी, काळ्या-पांढऱ्या चकतीसारख्या शंखाची गोगलगाय. झोअँथिड खाणारी समुद्री गोगलगाय मात्र खाल्लेल्या प्रवाळाचाच रंग घेते. टबात सुटी पडेपर्यंत ती ओळखू येत नाही. अंडी अंघोळीने मरत नाहीत. म्हणून आठवड्याच्या अंतराने दोन-तीन वेळा अंघोळ आणि चार ते सहा आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत मुक्काम. ही छोटी टाकी टाळण्याकडेच बहुतेकांचा कल असतो.

झोअँथिड हाताळताना रबरी हातमोजे व चष्मा आवश्यक. झोअँथिडांपैकी पॅलिथोआ वंशातील काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतितीव्र विष असते. ते १९७१ मध्ये हवाईतील नमुन्यांतून वेगळे केले गेले. त्यावर उतारा उपलब्ध नाही. असे प्रवाळ चिकटलेला खडक उकळणे, गरम पाण्याने धुणे किंवा कोरडा घासणे अत्यंत धोक्याचे. वाफ श्वासात गेल्याने घरातील सर्वांना रुग्णालयात जावे लागल्याच्या घटना परदेशांत नोंदल्या गेल्या आहेत.

मांडणी : नवा प्रवाळ प्रथम तळाशी, मंद प्रकाशात ठेवून दोन ते चार आठवड्यांत वर सरकवावा. एकदम दिव्याखाली आल्यास ऊतकांतील शैवाल बाहेर टाकले जाते व प्रवाळ पांढरा पडतो. चिकटविण्यास जेल स्वरूपातील सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद चालतो. झेनिया मुख्य खडकावर लावू नये. तो पसरू लागला की काढता येत नाही. चामडी प्रवाळ पाण्यात टर्पीन संयुगे सोडून शेजाऱ्यांची वाढ रोखतो, म्हणून अंतर ठेवावे व सक्रिय कार्बन वापरावा. मऊ प्रवाळांना कॅल्शियम कमी लागते. नियमित पाणी बदलले की पुरते. कॅल्शियम वाढविण्यास चुन्याची निवळी (पीएच सुमारे १२.४) वापरल्यास ती रात्री थेंबथेंबच सोडावी. पानवाल्याचा चुना त्यासाठी वापरू नये.

स्थानिक बाबी : सांगली-मिरजेत एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या आसपास जातो, तेव्हा चिलरला पर्याय नाही, महाबळेश्वर-पाचगणीत हिवाळ्यात उलट हीटर लागतो. वीज गेल्यास आधी पाण्याचा प्रवाह इन्व्हर्टरवर घ्यावा, दिवे नंतर. १,००० लि. च्या टाकीचा भार काच, खडक व स्टँड धरून सव्वा टनाच्या पुढे जातो. १९६७ च्या भूकंपाने हादरलेल्या कोयना परिसरात स्टँड भिंतीला जखडलेला असावा. सांगलीत कृष्णाकाठच्या सखल पेठांतील घरांना तळमजला सोयीचा वाटतो, पण २००५, २०१९ व २०२१ चे महापूर पाहता तेथे अशी टाकी मांडू नये. पुराचे पाणी वाढू लागल्यावर ती उचलता येत नाही. वरच्या मजल्यावर ती तुळईला आडवी, भिंतीलगत ठेवतात.